उथळ पाणी, पायडलची नाव आणि विदर्भाचे ढीवर

परदेशातील हौशी मासेमारांच्या बाजारात गेल्या अडीच दशकांत एका नावेने चांगलेच बस्तान बसविले आहे. ती वल्ह्याने चालत नाही आणि तिला इंजिनही नसते. बसलेल्या माणसाने सायकलसारखे पायडल मारायचे. नावेच्या पोटाखाली बसविलेले पंख किंवा पंखा तिला पुढे ढकलतो. दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात. अशा 'पायडल कयाक'च्या जाहिराती आणि चित्रफिती आता नागपुरातील मोबाइलवरही दिसू लागल्या आहेत. त्यातच राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. गोसीखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाच्या योजना आखल्या गेल्या. गोड्या पाण्यातील मासेमारीकडे आणि पर्यायाने तिच्या साधनांकडे सरकारचे लक्ष वळण्याची चिन्हे आहेत. ही नाव विदर्भाच्या पाण्यात चालेल काय, आणि चालली तर ती कोणाच्या पायांखाली असेल, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी मंडळींचा राहत नाही.

विदर्भाला समुद्र नाही, परंतु पाण्याचे वैभव आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा-सात हजार मालगुजारी तलाव असल्याचे सांगितले जाते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यातील बहुसंख्य तलाव बांधले. धानाला पाणी मिळावे हा त्यांचा मूळ हेतू. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांची देखभाल गावाच्या हातून निसटली. गाळ साचत गेला, पाळी खचल्या. या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा समाज म्हणजे ढीवर. आज त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडतात आणि मासे काढतात. जोडीला इटियाडोह, गोसीखुर्द यांसारखी मोठी धरणे आहेतच.

या पाण्याचा स्वभाव नीट समजून घेतल्याशिवाय नावेची चर्चा व्यर्थ आहे. मालगुजारी तलाव बशीसारखा असतो. पाळीलगत दोन-तीन मीटर खोली आणि तेथून वरच्या अंगाला पाणी हळूहळू पसरत, उथळ होत शेतात मिसळून जाते. दिवाळीनंतर ते मागे हटू लागते. मार्च-एप्रिलपर्यंत कित्येक तलावांत निम्म्याहून अधिक क्षेत्रात कमरेएवढेही पाणी उरत नाही; काठाची ओली जमीन गाळपेरीला जाते. त्या उथळ भागात कमळ, शिंगाडा, हायड्रिला, नाना प्रकारचे गवत वाढते आणि कडेला बेशरमाची झुडुपे. खाली गुडघाभर चिखल. मासे, विशेषतः मरळ, शिंगी, झिंगे अशी स्थानिक संपत्ती, याच झाडोऱ्याच्या आश्रयाने वाढते. मासेमाराला जायचे असते ते नेमके तेथेच.

आता नावेकडे वळू. पायाने चालणाऱ्या मासेमारी कयाकचा आजचा प्रकार रूढ झाला तो १९९७ पासून. कॅलिफोर्नियातील होबी या कंपनीने त्या वर्षी 'मिराज ड्राइव्ह' नावाची यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात पंखा नसतो. पेंग्विनच्या पंखांसारखे दोन लवचिक पंख नावेखाली आडवे हलतात आणि पाणी मागे सारतात. पुढे इतर कंपन्यांनी पायडलला दातेरी चक्रे जोडून फिरता पंखा बसविला. दोन्ही पद्धतींमागील तत्त्व एकच आहे. माणसाच्या पायांतील स्नायू हातांपेक्षा कितीतरी बळकट असतात आणि उशिरा थकतात. सर्वसाधारण माणूस पायाने तासन्‌तास शंभर वॉटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. नाव भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सहज जाते. फिरत्या पंख्याची नाव उलटे पायडल मारताच मागे येते. पंखवाल्या नावेला ही सोय आरंभी नव्हती, नंतरच्या सुधारित प्रकारांत ती आली. वाऱ्याशी झुंजत एका जागी स्थिर राहायचे असेल तर या मागे-पुढे होण्याचा मोठा उपयोग होतो. इथपर्यंत सारे उत्तम.

अडचण सुरू होते ती पाणी कमी झाल्यावर. सामान आणि माणूस धरून कयाक पाण्यात जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटर बुडते. परंतु तिचे पंख किंवा पंखा त्याखाली आणखी चाळीस-पन्नास सेंटिमीटर जातो. म्हणजे पूर्ण पायडल मारायला साठ सेंटिमीटर, दोन फुटांच्या आसपास, मोकळे पाणी हवे. त्याहून कमी पाण्यात पंख तळाला घासतात, पंखा दगडावर आपटून त्याची पाती किंवा दांडा वाकतो. यावर परदेशी मासेमारांनी काही युक्त्या शोधल्या आहेत. पंखवाल्या यंत्रणेत एक पायडल पूर्ण पुढे ढकलून ठेवले की दोन्ही पंख नावेच्या तळाला चिकटून राहतात आणि नाव वल्ह्याने हाकता येते. पायडल अगदी आखूड हलविले, नुसते थरथरविले म्हणा ना, तर पंख फार खाली न जाता थोडा रेटा देत राहतात. अलीकडच्या यंत्रणांत अडथळा लागताच पंख मागे दुमडण्याची सोय आहे. फिरत्या पंख्याची यंत्रणा मात्र उथळात शिरण्यापूर्वीच वर उचलून घ्यावी लागते. सुकाणूचेही तसेच, ते दोरीने वर ओढले नाही तर चिखलात रुतते. म्हणून अनुभवी माणूस पायडलच्या नावेतही हाताशी एक वल्हे ठेवतोच. उथळ पाण्यात ही नाव शेवटी वल्ह्याची नाव होते, हे तिचे विक्रेते फारसे मोठ्याने सांगत नाहीत.

झाडोऱ्याची गोष्ट याहून बिकट. हायड्रिलासारखी लांब दोरीवजा वनस्पती फिरत्या पंख्याभोवती सुतासारखी गुंडाळली जाते. पंखा वर घ्या, गुंता सोडवा, पुन्हा सोडा, दहा मीटर गेल्यावर पुन्हा तेच. आडवे हलणारे पंख त्यातल्या त्यात बरे, कारण त्यांच्याभोवती वेढा बसत नाही. पण दाट गवतात तेही अडकतात. जलपर्णीच्या थरात तर दोहोंचे काही चालत नाही. नागपूरकरांनी अंबाझरीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पाहिला आहे, आणि वैनगंगेच्या पात्रातही ही वनस्पती नाग नदीच्या मैल्यावर पोसली जाते हे आता कोणाला नवे राहिलेले नाही.

येथे आपल्याकडील डोंग्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. लाकडाचा अरुंद डोंगा आणि हातात बांबूचा लांब दांडा, एवढेच साधन. दांड्याने तळाला रेटा द्यायचा की डोंगा पुढे सरकतो. वीतभर पाणी पुरते. पाण्याखाली फिरणारा भाग नसल्याने गुंता व्हायचा प्रश्न नाही. खोली किती, तळ दगडी की चिखलाचा, हे दांडाच सांगतो. उथळ आणि झाडोऱ्याच्या पाण्यासाठी याहून सोयीचे साधन आजवर झालेले नाही, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याचा दोष वेगळा आहे. दांड्याला दोन्ही हात लागतात. त्यामुळे जाळे सोडायला किंवा ओढायला दुसरा माणूस घ्यावा लागतो, नाहीतर एकट्याने दांडा ठेव, जाळे घे, पुन्हा दांडा घे अशी कसरत करावी लागते. वारा असला तर तेवढ्यात डोंगा भलतीकडे जातो. दोन माणसांचा डोंगा म्हणजे मिळालेल्या मासळीत दोन वाटे. पायडलच्या नावेचे खरे आकर्षण या ठिकाणी आहे. ती हात मोकळे करते.

हात मोकळे करण्याचा हा प्रश्न जगात इतरत्रही मासेमारांना पडला आणि त्यांनी तो कोणत्याही कंपनीची वाट न पाहता सोडविला. म्यानमारच्या शान प्रांतात इनले नावाचे मोठे तळे आहे. पाणी उथळ, पाण्यात झाडोरा दाट, आपल्या तलावांसारखेच. तेथील इंथा समाजाचे मासेमार नावेच्या टोकावर एका पायावर उभे राहतात, दुसऱ्या पायाचा वेढा वल्ह्याला देतात आणि पायानेच वल्हवितात. हात जाळ्यासाठी रिकामे. उभे राहिल्यामुळे गवताच्या पलीकडचे पाणीही दिसते, जे बसून वल्हविणाऱ्याला दिसत नाही. पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात, पण ती कसरत हौसेची नाही. त्या तळ्याच्या गरजेतून ती जन्मली. कॅलिफोर्नियातील यंत्रणा खुल्या पाण्यात जे साधते, तेच इंथा मासेमार गवताळ पाण्यात लाकडाच्या एका तुकड्यावर साधतो. याचा अर्थ ढीवर बांधवांनी उद्यापासून एका पायावर उभे राहावे असा नव्हे. साधन पाण्यातून घडले पाहिजे, दुकानातून नव्हे, एवढाच त्यातला मुद्दा आहे.

खर्चाचा विचार केला तर चित्र आणखी स्पष्ट होते. नावाजलेल्या कंपनीची पायडल कयाक अमेरिकेत दोन ते पाच हजार डॉलरला विकली जाते. आयातीचा खर्च आणि कर धरले तर येथे ती काही लाखांच्या घरात जाणार. तिचे वजन सामानासह पन्नास किलोच्या आसपास. म्हणजे एकट्याने पाळीवरून उचलून नेणे कठीण. पंख, दोऱ्या, चक्रे यांचे सुटे भाग गोंदियाच्या किंवा पवनीच्या बाजारात मिळणार नाहीत. शिवाय ती एका माणसासाठी बांधलेली असते. मागच्या खणात हौशी माणसाचे चार मासे मावतात. संस्थेच्या सभासदाची ओली जाळी आणि टोपलीभर मासळी मावत नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान ठेवण्यात आले. अनुदान कितीही असले तरी उरलेली रक्कम मासेमाराच्याच खिशातून जाते. लाखांच्या नावेत ४० टक्के त्याच्या वाट्याला आले तरी तो कर्जात बुडेल आणि नाव अंगणात उलटी पडून राहील. आपल्याकडील अनुदानाच्या अवजारांचा इतिहास पाहता ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

मात्र म्हणून कल्पनाच टाकून द्यावी, हेही बरोबर नाही. इटियाडोह किंवा गोसीखुर्दसारख्या जलाशयांत पाणी खोल आणि विस्तीर्ण आहे. तेथे बांबूचा दांडा तळाला पोहोचत नाही. मासेमार वल्ह्यावर येतो आणि वाऱ्यावर लाटा उठल्या की त्याचा जीव टांगणीला लागतो. राज्यातील अनेक धरणांवर गरीब मासेमार थर्माकोलच्या लाद्यांवर किंवा ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी लावतात, ही वस्तुस्थिती आहे. त्या माणसाला रुंद बुडाची, न बुडणारी, हात मोकळे ठेवणारी नाव मिळाली तर त्याच्या धंद्यात आणि आयुष्यात फरक पडेल. आणि ती येथेच बनू शकते. या कयाक ज्या पद्धतीने घडवितात ती रोटोमोल्डिंगची पद्धत आपल्या घराघरांवरील पाण्याच्या काळ्या टाक्यांची आहे. पायडलची यंत्रणा म्हणजे सायकलचा क्रँक आणि दातेरी चक्रांची एक जोडी. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखानदारीला ते अवघड नसावे. नागपुरात व्हीएनआयटी आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथेच आहे आणि त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय तर फुटाळ्याच्या शेजारी तेलंगखेडीत आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेला लहान नावांच्या आराखड्याचा दीर्घ अनुभव आहे. या सर्वांनी एकत्र बसून जलाशयासाठी दोन माणसांची, उचलून घेता येणाऱ्या पंख्याची, दांडाही चालविता येईल अशी नाव आखावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

येथे एका धोक्याची जाणीव करून दिली पाहिजे. नाव चालत नाही म्हणून तलाव 'साफ' करण्याची मागणी येईल. पर्यटनाच्या नावाखाली ती आधीच येते. खुले, निळे, आरशासारखे पाणी शहरी नजरेला आवडते. पण अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजासोबत जे काम केले, त्याचा निष्कर्ष नेमका उलटा आहे. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तलावांतील बेशरम उपटून काढले, परंतु स्थानिक पाणवनस्पती मात्र मुद्दाम आणून लावल्या. त्यांच्यासोबत स्थानिक मासे आणि पाणपक्षीही परतू लागले. काढायचे कोणते आणि ठेवायचे कोणते, हे तेथील ढीवरांनाच ठाऊक होते. जलपर्णी आणि बेशरम हटविणे वेगळे आणि पायडलचा पंखा अडतो म्हणून हायड्रिला, कमळ, गवत खरवडून काढणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात नाव सुरळीत चालेल, मासा मात्र राहणार नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न तर याहून तातडीचा आहे आणि तो नव्या नावेची वाट पाहत थांबलेला नाही. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव बुडून अकरा जण गेले. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडणीसाठी वैनगंगा ओलांडणाऱ्या सहा महिला बुडाल्या. यांतील कोणतीही घटना मासेमारी करताना घडलेली नाही. पण तिन्ही ठिकाणी लोक बसले होते ते लहान नावांत, आणि त्या नावांची क्षमता किती, त्यांत जीवरक्षक जाकिटे आहेत काय, हे पाहणारे कोणी नव्हते. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात यंत्राशिवाय चालणाऱ्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद आहे. पायडलची नाव माणसाच्या शक्तीवर चालते, तेव्हा तीही याच वर्गात पडेल, असे मानण्यास जागा आहे. कायद्याच्या पुस्तकातील ही तरतूद ग्रामपंचायतीच्या दप्तरात कधी उतरणार, हे मात्र विचारले पाहिजे. लाखाची कयाक आणण्याच्या खर्चात एका संस्थेच्या सर्व सभासदांना चांगली जाकिटे मिळू शकतात, हा हिशेब अगदी साधा आहे.

आणखी एक पदर आहे तो जंगलाचा. पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयात महाराष्ट्राच्या बाजूने मासेमारीला बंदी आहे, आणि तरीही चोरटी मासेमारी व वनकर्मचाऱ्यांशी होणारे संघर्ष वर्षानुवर्षे चालू आहेत. मध्य प्रदेशच्या बाजूने ३०५ आदिवासी कुटुंबांना दिलेल्या मासेमारी परवान्यांचा वाद १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने उपजीविका आणि वन्यजीव या दोहोंची सांगड घालत ओळखपत्रे, नाक्यांवरील तपासणी, मासळीची नोंद अशा अटी घातल्या. इंजिनाचा आवाज नसलेली, रात्री सहज निसटणारी वेगवान नाव अशा पाण्यात गेली तर कोणाच्या कामी येईल, हे सांगायला नको. गस्तीसाठी तीच नाव वनखात्यालाही उपयोगी आहे, हेही तितकेच खरे.

राहता राहिला नागपूरचा हौशी मासेमार. खिंडसी किंवा अंबाझरीच्या पायडल बोटीत बसून त्याचे बालपण गेलेले असते. त्याला स्वतःची कयाक घ्यावीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. पण ज्या तलावात तो गळ टाकणार, तेथील मासा बहुतेक ठिकाणी कोणत्यातरी संस्थेने ठेक्याचे पैसे भरून, बीज विकत घेऊन वाढविलेला असतो. नदीतला मासा आणि ठेक्याच्या तलावातला मासा यांत फरक आहे, आणि शहरातल्या फार थोड्या लोकांना तो माहीत असतो. काही संस्थांनी हौशी गळवाल्यांकडून दिवसाचे शुल्क घेऊन त्यांना ठराविक भागात परवानगी दिली, तर दोघांचेही भले होईल. लावलेल्या जाळ्यांवरून कयाक गेली आणि पंखांनी जाळे फाटले तर भरपाई कोणी द्यायची, हेही त्यातच लिहून ठेवता येईल.

मत्स्यविभागाला या नावेची चाचणी घ्यावयाचीच असेल तर ती ऑगस्टमध्ये तुडुंब जलाशयावर, मंत्र्यांच्या उपस्थितीत घेऊ नये. ती एप्रिलमध्ये घ्यावी, पाणी मागे हटलेल्या मालगुजारी तलावात आणि त्याच आठवड्यात इटियाडोहच्या खुल्या पाण्यात. नाव चालवायला स्थानिक संस्थेचे दोन सभासद बसवावेत, शेजारी एक डोंगाही सोडावा. सकाळी सहा ते दहा या वेळात कोणी किती जाळी लावली, किती वेळा पंखा उचलावा लागला आणि शेवटी टोपलीत किती मासळी आली, एवढे तीन आकडे टिपले तरी पुढचा निर्णय करण्यास ते पुरेसे होतील.